बिबट्या, ऊस आणि आपल्या विरुद्ध मताचा माणूस

माळरान (धागाकर्ता)

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत थोड्या दिवसांच्या अंतराने तीन जणांचा जीव गेला आणि त्यांपैकी दोन मुले होती. संतापलेल्या ग्रामस्थांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला, वनखात्याचे वाहन जाळले गेले आणि पुढे एका बिबट्याला गोळी घालण्यात आली. माझी नोकरी पुण्यात आणि आजोळ आंबेगाव तालुक्यात असल्यामुळे त्या दिवसांत दोन्हीकडचे बोलणे माझ्या कानांवर येत होते. शहरातील निसर्गप्रेमी मित्र म्हणत होते की माणसाने जंगलावर अतिक्रमण केल्यावर बिबट्याने जायचे तरी कुठे. आजोळची माणसे म्हणत होती की ज्यांना बिबट्याचा एवढा पुळका आहे त्यांनी तो आपल्या सोसायटीत नेऊन सांभाळावा. या दोन वाक्यांच्या पुढे संभाषण गेलेले मी क्वचितच पाहिले आहे, कारण दोन्ही वाक्ये समोरच्याचे बोलणे थांबवण्यासाठीच वापरली जातात.

मी बिबट्याच्या संरक्षणाच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून ठेवतो. आपल्याकडील शास्त्रचर्चेत प्रतिपक्षाचे म्हणणे पूर्ण ताकदीनिशी मांडल्याखेरीज स्वतःचा सिद्धान्त मांडू नये, अशी शिस्त होती. ती शिस्त या प्रश्नाला लावून पाहावी असे मला वाटते. म्हणून ज्यांच्याशी माझे मत जुळत नाही त्या शेतकऱ्यांची बाजू मी प्रथम मांडतो. ती नीट मांडली गेली की नाही, हे त्या भागातील सदस्यांनी ठरवावे.

पहिली गोष्ट अतिक्रमणाची. शिरूर, जुन्नर आणि आंबेगावच्या सपाटीवरील ज्या गावांत आज हल्ले होतात ती गावे जंगल तोडून वसलेली नाहीत. तेथे पिढ्यान्‌पिढ्या बाजरी, मटकी आणि हुलगा पिकत होता, आणि पाऊस गेला की माळ उघडा पडत होता. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे ही धरणे झाली, कालव्यांना पाणी आले आणि पाण्यामागून ऊस आला. आडसाली ऊस वर्षभराहून अधिक, कधी दीड वर्षापर्यंत शेतात उभा असतो, त्यात माणूस सहसा शिरत नाही, शेजारी पाणी असते आणि वस्तीवर कुत्री, शेळ्या व वासरे असतात. बिबट्याला लपण्यासाठी आणि पिल्ले वाढवण्यासाठी याहून सोयीची जागा मिळणे अवघड आहे. धरणे सरकारने बांधली, ऊस कारखान्यांनी मागितला आणि साखर आपण सर्वांनी खाल्ली. अशा स्थितीत 'तुम्ही जंगल बळकावले' असे शेतकऱ्याला ऐकवणे म्हणजे त्याने न केलेल्या गोष्टीचा दोष त्याच्या पदरात टाकणे होय, आणि एकदा असा आरोप झाला की पुढचे काहीही तो ऐकून घेईल, ही अपेक्षा व्यर्थ आहे.

दुसरी गोष्ट भीतीची. सर्पदंशाने आणि रस्त्यावरील अपघातांत बिबट्याच्या हल्ल्यांपेक्षा कितीतरी अधिक माणसे दगावतात, हा युक्तिवाद आपल्या बाजूने वारंवार केला जातो. तो खरा आहे, तरीही ज्या आईला संध्याकाळी मुलाला अंगणात सोडण्याआधी कडेच्या उसाकडे पाहावे लागते, तिच्यासाठी त्याचा काहीच उपयोग नाही. तिने हा धोका निवडलेला नाही, तो तिला दिसत नाही, आणि तो कमी करण्याचे कोणतेही साधन तिच्या हातात दिलेले नाही.

तिसरी गोष्ट अधिकाराची आहे, आणि माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाची आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार बिबट्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. तो मानवी जीवितास धोकादायक ठरल्यास कलम ११ खाली त्याला मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. म्हणजे ज्याच्या गोठ्यात बिबट्या शिरतो त्याला अर्ज करण्यापलीकडे काही करता येत नाही आणि निर्णय कोठेतरी दूर होतो. महामार्गावर उतरलेल्या जमावाने जे केले त्याचे मी समर्थन करत नाही, पण एरवी आपले कोणी ऐकत नाही, हा त्या माणसांचा अनुभव निराधार आहे असेही मला म्हणता येणार नाही.

आता माझी बाजू. 'पिंजरा लावा, पकडा आणि लांब जंगलात नेऊन सोडा' ही मागणी या भागात पूर्वी मान्य झालेली होती. २००१ पासून जुन्नर परिसरातील बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्यात आले. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला, तेव्हा १९९३ ते २००१ या काळात वर्षाला सरासरी ४ असलेले माणसांवरील हल्ले २००१ ते २००३ मध्ये वर्षाला १७ पर्यंत गेल्याचे आढळले. पकडलेला बिबट्या बिथरतो, अनोळखी मुलखात सोडला की भरकटतो आणि पुष्कळदा आपल्या मूळ ठिकाणाकडे निघतो. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वर येथील विहिरीतून काढून माळशेज घाटात सोडलेला, 'आजोबा' या नावाने ओळखला गेलेला बिबट्या सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईजवळ पोहोचला होता. म्हणून संरक्षणवादी जेव्हा 'सरसकट पकडू नका' असे म्हणतात तेव्हा त्यांना माणसांच्या जिवाची पर्वा नसते, हा समज चुकीचा आहे. त्यांच्या आग्रहामागे माणसांचाही जीव वाचावा, हाच हेतू असू शकतो.

या धाग्यावर प्रत्येकाने आधी विरुद्ध बाजू आणि मग स्वतःची बाजू मांडावी, ही विनंती.

कुकडीकाठ

माळरान, तुम्ही मांडलेली बाजू बऱ्याच अंशी आमचीच आहे आणि अतिक्रमणाविषयी तुम्ही जे लिहिले ते आमच्या गावात वाचून दाखवले तर लोक मान डोलावतील. मात्र या बाजूत विजेचा मुद्दा आलेला नाही, आणि माझ्या दृष्टीने तो भीतीइतकाच मोठा आहे. शेतीपंपांना थ्री फेज वीज आळीपाळीने, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, अशी मिळत आली आहे. रात्रपाळी असली की उसाला पाणी देण्यासाठी रात्री घराबाहेर पडावेच लागते. हातात बॅटरी असते, पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवताना माणूस खाली वाकलेला असतो, आणि दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस असतो. 'रात्री एकटे बाहेर जाऊ नका' असा फलक गावाच्या वेशीवर लावणाऱ्या खात्याने विजेचे वेळापत्रक पाहिलेले नसते. दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे. ती ज्या फीडरवर पोहोचली तेथील माणसाच्या जिवाचा घोर कमी होतो, हे कोणीही जाऊन विचारावे.

दुसरे असे की आमच्याकडचा दिवस पहाटे अंधारात सुरू होतो. धारा काढायच्या असतात, दूध डेअरीवर पोहोचवायचे असते, बायकांना गवत कापायला बांधावर जावे लागते आणि मुले उसाच्या कडेच्या पायवाटेने शाळेत जातात. पिंपरखेडला माणसांनी गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात काम केल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत आली, तेव्हा शहरातील काही जणांना त्यात नवलाई वाटली. माणसाला स्वतःच्या रानात गळ्याला खिळे बांधून जावे लागते, ही लाज आणणारी परिस्थिती आहे, आणि आमची अपेक्षा एवढीच आहे की ती पाहणाऱ्यालाही तशीच वाटावी.

तुमच्या नियमाप्रमाणे आता संरक्षणवाद्यांची बाजू मांडतो. बिबट्या या मुलखात आपल्याआधीपासून आहे. कायदा आला तो कातड्यासाठी होणारी शिकार थांबवण्यासाठी, शेतकऱ्याला त्रास देण्यासाठी नव्हे. बिबट्या माणसाला टाळतो. आपल्या वस्तीवरून तो रोज रात्री जातो आणि आपल्याला ठाऊकही नसते. एक बिबट्या हलवला की मोकळ्या झालेल्या हद्दीत दुसरा येतो, आणि तो तरुण व अनोळखी असल्यामुळे अधिक त्रासदायक ठरू शकतो. आई पकडली गेली तर अर्धवट वाढलेली पिल्ले शिकार जमत नसल्याने वस्तीकडे वळतात. म्हणून घाईने केलेल्या कारवाईने गावाचाच तोटा होतो.

यातली शेवटची दोन विधाने मला पटतात, आणि सरसकट सर्व बिबटे पकडण्याची मागणी मी गावातही करत नाही. परंतु माणसावर हल्ला केलेला बिबट्या ओळखून त्याचा बंदोबस्त किती दिवसांत होणार, याचे उत्तर जोवर मिळत नाही तोवर बाकीचे शास्त्र ऐकण्याची आमच्या लोकांची मनःस्थिती नसते.

निशाचर

दोन्ही प्रतिसाद आदराने वाचले. तरीही मला एक गोष्ट खटकते. या चर्चेत ज्याला बोलता येत नाही तो बिबट्या आहे, आणि 'समोरच्याला समजून घ्या' असे म्हणत गेले की अखेरीस दोन माणसांत तडजोड होते व तिची किंमत तिसरा देतो. विहिरीत पडलेल्या बिबट्याभोवती जमलेली शेकडो माणसे, दगड मारणारी मुले आणि पिंजऱ्याला काठ्या घालणारा जमाव मी पाहिला आहे. त्या जमावाविषयी सहानुभूती बाळगणे मला जमत नाही आणि जमावे असेही मला वाटत नाही. संरक्षणाचा कायदा लोकमतावर सोडला असता तर माळढोक आणि तणमोर या पक्ष्यांची जी अवस्था झाली तीच बिबट्याची झाली असती.

कुकडीकाठ

निशाचर, दगड मारणाऱ्या मुलांविषयी सहानुभूती बाळगा असे मीही म्हणणार नाही. पण त्या जमावात कडेला उभे असलेले जे चार वयस्कर लोक मुलांना हटकत असतात त्यांच्याशी तुम्ही बोलला आहात का? गाव म्हणजे जमाव नव्हे. तुमच्या बाजूचा विचार करणारी माणसे आमच्याकडे आहेत, परंतु बाहेरून येणारा प्रत्येक जण गावाला क्रूर ठरवून गेला की त्या माणसांना गावात तोंड उघडणे अवघड होते.

तर्कदीप

मला निशाचर यांच्या नेमकी उलट शंका आहे. समजून घेण्याचे आवाहन दोन्ही बाजूंना सारखेच केले जाते, पण भार सारखा नसतो. पुण्यातल्या माणसाने शेतकऱ्याला समजून घेतले नाही तर त्याच्या दिनक्रमात काहीही फरक पडत नाही. शेतकऱ्याने बिबट्याचे वर्तन समजून घेतले नाही तर त्याच्या जिवावर बेतते. अशा विषम स्थितीत 'दोघांनीही एक पाऊल पुढे यावे' असे म्हणणे वरकरणी न्याय्य वाटले तरी ते न्याय्य नाही. शिवाय समजून घेण्याच्या नावाखाली निर्णय लांबवता येतो. बैठका होतात, जनजागृतीचे फलक लागतात, आणि गोठ्याला जाळी बसवण्याचे अनुदान मात्र कागदावर राहते.

आणखी एक बाजू अद्याप कोणीही मांडलेली नाही. बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून येणाऱ्या ऊसतोड कामगारांच्या टोळ्या फडाजवळ पाचटाच्या कोप्यांत राहतात. त्या कोपीला दार नसते, वीज नसते आणि शौचालय नसते. आईबाप पहाटे कोयते घेऊन फडात उतरतात तेव्हा लहान मुले कडेला चादरीवर झोपलेली असतात. बागायतदाराची बाजू आणि निसर्गप्रेमीची बाजू यांच्यात कितीही सुंदर संवाद झाला तरी त्या टोळीला त्यात जागा नाही. ती माणसे त्या गावाची मतदार नाहीत, ग्रामसभेत त्यांना आवाज नाही, आणि हंगाम संपला की ती निघून जातात. ज्यांचे मत विरुद्ध आहे त्यांना समजून घेण्याची आपण भाषा करतो, परंतु ज्यांना मत विचारलेच गेले नाही ते या व्याख्येत कोठे बसतात, याचे उत्तर धागाकर्त्यांनी द्यावे.

शालिनी_मानस

मी मानसशास्त्र शिकवते, म्हणून तर्कदीप यांच्या पहिल्या मुद्द्याला संशोधनातून जो आधार मिळतो तो येथे ठेवते.

एमिल ब्रुनो आणि रिबेका सॅक्स यांनी २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतील ॲरिझोनामध्ये राहणारे मेक्सिकन स्थलांतरित व गोरे अमेरिकन, आणि तसेच पॅलेस्टिनी व इस्रायली, अशा जोड्या घेऊन त्यांनी एक साधा प्रयोग केला. एकाने आपल्या समाजाच्या अडचणी लिहायच्या आणि दुसऱ्याने त्या वाचून स्वतःच्या शब्दांत पुन्हा मांडायच्या. ज्या समूहाच्या हाती सत्ता अधिक होती त्या समूहातील माणसांचा दृष्टिकोन दुसऱ्याची बाजू समजून घेतल्याने सुधारला. दुबळ्या समूहातील माणसांचा दृष्टिकोन मात्र दुसऱ्याची बाजू ऐकून विशेष बदलला नाही. आपले म्हणणे समोरच्याने नीट ऐकून घेतले, हे दिसल्यावर तो बदलला. म्हणजे एकच उपाय दोघांना लागू पडत नाही. वर कुकडीकाठ यांनी संरक्षणवाद्यांची बाजू इतक्या समंजसपणे मांडली, त्याआधी माळरान यांनी त्यांची बाजू मांडून दाखवली होती, या क्रमाकडे मी लक्ष वेधू इच्छिते. क्रम उलटा असता तर हाच प्रतिसाद आला असता, असे मला वाटत नाही.

मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये परस्परसंपर्काने पूर्वग्रह कधी कमी होतात याच्या अटी सांगितल्या, त्याही येथे उपयोगी आहेत. दोन्ही समूहांचा दर्जा त्या भेटीपुरता तरी समान असावा, उद्दिष्ट सामायिक असावे, ते साधण्यासाठी दोघांना एकमेकांची गरज लागावी, आणि या भेटीला प्रशासनाचा किंवा समाजमान्य संस्थेचा पाठिंबा असावा. शहरातील संस्थेने गावात येऊन पडद्यावर चित्रे दाखवत भाषण करणे यात पहिली अटच मोडते. एक जण मंचावर असतो आणि बाकीचे सतरंजीवर.

निशाचर यांना एवढेच सांगते की एखाद्याच्या कृतीचे कारण समजणे आणि ती कृती मान्य करणे या दोन क्रिया मनात वेगवेगळ्या चालतात. जमावाने दगड का मारला हे कळले म्हणून तुमचा बिबट्याविषयीचा कळवळा कमी होणार नाही.

वनवाट

मी वनखात्यातून निवृत्त झालो आहे. माझ्या सेवेचा बराच काळ याच पट्ट्यात गेला. दोन्ही बाजूंच्या शिव्या खाणारी तिसरी बाजू म्हणून लिहितो.

क्षेत्रीय कर्मचारी घटनास्थळी पोहोचतो तेव्हा त्याच्याकडे माणसे कमी, पिंजरे कमी आणि प्रश्न विचारणारे पुष्कळ असतात. पिंजरा लावण्याची परवानगी त्याच्या हातात नसते, हे लोकांना पटत नाही. बिबट्या पकडला की निसर्गप्रेमी विचारतात, का पकडला. नाही पकडला की गाव विचारते, का नाही पकडला. पकडलेल्या बिबट्याला कायमचे ठेवायचे म्हटले तर माणिकडोहच्या निवारा केंद्राची क्षमता मर्यादित आहे, आणि पिंजऱ्यात आयुष्य काढणारा बिबट्या पाहणे कोणत्याही वनरक्षकाला सुखाचे नसते.

माझ्या पाहण्यातली एक पद्धत मात्र लिहून ठेवावीशी वाटते. ऊसतोडीच्या हंगामात फडात बिबट्याची पिल्ले सापडतात. पूर्वी अशी पिल्ले उचलून नेली जात. नंतर आम्ही वन्यजीव पशुवैद्यांच्या मदतीने त्यांची तपासणी करून, त्याच जागी एका क्रेटमध्ये संध्याकाळी ठेवू लागलो आणि कॅमेरा लावू लागलो. रात्री मादी येते, क्रेट पाडते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. दुसऱ्या दिवशी ते चित्रण ज्याच्या फडात पिल्ले सापडली त्या शेतकऱ्याला, त्याच्या घरच्यांना आणि टोळीला दाखवायचे, असे आम्ही ठरवले होते. पिल्ले नेली असती तर ती मादी चिडून त्याच वस्तीभोवती फिरत राहिली असती, हे समजावण्यासाठी मग वेगळे भाषण द्यावे लागत नसे. परंतु यासाठी शेतकऱ्याला एक दिवस तोड थांबवावी लागते. टोळी बसून राहते, मुकादम ओरडतो आणि कारखान्याची गाडी रिकामी परत जाते. तो तोटा शेतकरी मुकाट्याने सोसतो आणि त्याची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही. शहरातील ज्या मित्रांना ते चित्रण अतिशय आवडते त्यांनी हा खर्च कोणी सोसला, हे एकदा तरी विचारावे.

आरेकर

मुंबईचा अनुभव थोडक्यात सांगतो. २००४ च्या सुमारास संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या भोवती माणसांवर गंभीर हल्ले झाले होते आणि तेव्हाही 'पकडा आणि हलवा' हीच मागणी होती. २०११ पासून वनखाते, संशोधक आणि नागरिक यांनी एकत्र येऊन 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' हा उपक्रम चालवला. पाडे, वसाहती, पोलीस, महापालिका आणि पत्रकार या सर्वांशी बोलणे झाले. कचरा उचलला तर भटकी कुत्री कमी होतात आणि कुत्री कमी झाली तर बिबट्याचे वस्तीत येणे कमी होते, हा विचार त्यातून लोकांपर्यंत गेला. आरेतील वारली पाड्यांमध्ये वाघोबा या देवाचे ठाणे आहे, त्याचाही उपयोग झाला. तरीही हे उदाहरण शिरूरवर जसेच्या तसे ठेवू नये. आमच्याकडे उद्यानाला हद्द आहे. उसाला हद्द नाही.

प्रवरेकाठी

आरेकर यांच्या शेवटच्या वाक्याला धरून लिहिते. माझे माहेर अकोले तालुक्यातले आहे. तेथे झालेल्या अभ्यासात दर १०० चौरस किलोमीटरमध्ये सुमारे ४.८ प्रौढ बिबटे आढळले होते आणि त्याच भागात माणसांची वस्ती दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक होती. त्यांच्या खाण्यात पाळीव प्राण्यांचाच भरणा होता आणि त्यात कुत्र्यांचे प्रमाण सर्वांत मोठे होते. हे आकडे प्रसिद्ध झाल्यापासून अकोल्याचे उदाहरण सर्वत्र सहजीवनाचा आदर्श म्हणून दिले जाते. आमच्याकडच्या महादेव कोळी समाजात वाघबारस पाळली जाते, गुराखी वाघोबाच्या ठाण्यावर नैवेद्य दाखवतात आणि वर्षभर गुरांना सांभाळ म्हणून मागणे मागतात, हे सर्व खरे आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

मात्र आमची श्रद्धा शिरूरच्या शेतकऱ्याच्या तोंडावर फेकण्याचे साधन होऊ नये. 'आदिवासी बघा कसे जमवून घेतात, तुम्हालाच कसे जमत नाही' हे वाक्य मी शहरातील कार्यक्रमांत ऐकले आहे. ते शेतकऱ्याचा अपमान करते आणि आमचाही करते, कारण वाघोबाला हात जोडणारी बाईसुद्धा शेळी गेली की रडते. पंचनाम्यासाठी तिलाही वाट पाहावी लागते, आणि ज्या घरात माणूस गेला त्या घरात वाघबारशीला कोणाच्या पायांत बळ उरत नाही. आमच्याकडे राग नाही असे कोणी समजू नये. फरक असेल तर इतकाच की रागासोबत आमच्याकडे त्या जनावराशी बोलण्याची एक जुनी रीत आहे. माळावर पाण्यामागून आलेल्या बिबट्याशी शिरूरची ओळख दोन-तीन दशकांची आहे. त्यांना ती रीत वारशाने मिळालेली नाही, यात त्यांचा काय दोष?

माळरान (धागाकर्ता)

सर्वांच्या प्रतिसादांमुळे मला तीन गोष्टी पुढे न्याव्याशा वाटतात.

तर्कदीप यांच्या प्रश्नाचे उत्तर असे की टोळीचे मत विरुद्ध आहे की अनुकूल, हे आपल्याला ठाऊकच नाही आणि ते विचारायला हंगामात फडावरच जावे लागेल. विरुद्ध मताच्या माणसाला समजून घेण्याआधी मत कोणाकोणाला आहे याची यादी पूर्ण करावी लागते, ही अट मी माझ्या मूळ मांडणीला जोडतो.

शालिनीताईंनी सांगितलेला क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्याच्या हातात निर्णय आणि माध्यमे अधिक आहेत त्याने आधी ऐकावे आणि ऐकलेले परत बोलून दाखवावे. आमच्या गटात पुढील कार्यक्रमाचा विचार चालू आहे; त्यात चित्रफीत आणि व्याख्यान यांऐवजी गावकऱ्यांचे म्हणणे टिपून घेऊन त्यांच्यासमोरच वाचून दाखवावे, असा आग्रह मी धरणार आहे.

निशाचर, तुमची चिंता मला जवळची आहे. परंतु उसात वाढणाऱ्या बिबट्याचे रक्षण दीर्घकाळ करू शकेल असा माणूस त्या उसाचा मालक आणि तो तोडणारा मजूर यांखेरीज दुसरा कोण आहे? विष घातलेले मांस शेताच्या कडेला ठेवायला एक रात्र पुरते, आणि ते कोणी ठेवले याचा शोध क्वचितच लागतो. जो संतापून तसे करण्याच्या विचारात आहे त्याच्याशी बोलणे आपण टाळले तर आपण बिबट्याचाही पक्ष सोडलेला असतो.

निशाचर

विषाविषयीचा मुद्दा मान्य आहे. जमावाबद्दलचे माझे मत बदललेले नाही. तरीही कुकडीकाठ यांनी सांगितलेल्या त्या चार वयस्कर माणसांना भेटण्याची माझी इच्छा आहे आणि त्यासाठी मी येण्यास तयार आहे.

कुकडीकाठ

निशाचर, अवश्य या. जेवायला घरीच थांबा. फक्त एखादी घटना घडल्यावर येऊ नका, कारण त्या दिवशी कोणीच कोणाचे ऐकत नाही. गाळप हंगाम सुरू होण्याआधी, टोळ्या येण्याच्या सुमारास या.

बैठकीविषयी माझ्या काही सूचना आहेत. बैठक शाळेत किंवा देवळात घ्यावी, ग्रामपंचायतीच्या सभागृहात नको, कारण तेथे बसले की गावातील गटबाजी आधी बोलू लागते. पहिला वेळ बायकांना द्यावा, कारण पहाटे गवताला आणि संध्याकाळी गोठ्यात त्याच जातात. मुकादमांना आणि टोळीतील दोन-तीन जाणत्या बायकांना बोलवावे; त्यांची त्या दिवसाची मजुरी आयोजकांनी भरावी, म्हणजे त्या येऊ शकतील. वीज वितरण कंपनीच्या अभियंत्यांनाही निमंत्रण द्यावे आणि कोणत्या फीडरवर दिवसा वीज कधी येणार, हे त्यांच्याकडून सर्वांसमक्ष लिहून घ्यावे. वनखात्याने पंचनाम्याची मुदत, कागदपत्रे आणि संपर्काचा क्रमांक एका पानावर छापून आणावा. शहरातील मंडळींनी वनवाट यांच्या सूचनेनुसार पिल्ले सापडल्यावर एक दिवस तोड थांबवणाऱ्या शेतकऱ्याच्या नुकसानीसाठी छोटा निधी उभारता येईल का, याचे उत्तर घेऊन यावे. तो निधी झाला तर आमच्या गावातून त्यासाठी पहिले नाव मी देतो, कारण माझा आडसाली ऊस यंदा ओढ्याच्या कडेला आहे आणि तेथे ठसे दिसले आहेत.